ज्येष्ठांसाठी छोटं असिस्टेड लिव्हिंग घर सुरू करायचंय, हिशेब कुठून सुरू करावा?

अंगणवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय मांडतेय, थोडं लांबेल. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून एक मोठं घर घ्यायचं आणि त्यात आठेक ज्येष्ठांसाठी असिस्टेड लिव्हिंग सुरू करायचं असं आमचं चाललंय. हॉस्पिटल नाही, नर्सिंग होमही नाही. ज्यांना आंघोळ, कपडे, औषधं, उठणं-बसणं यात रोज कुणाचा तरी हात लागतो पण चोवीस तास डॉक्टर-नर्स लागत नाही, अशांनी घरासारख्या घरात राहावं, स्वतःची खोली असावी, जेवायला सगळे एका टेबलावर यावेत, एवढीच कल्पना आहे.

भावाने एक्सेल शीट केलीय. आठ खोल्या गुणिले महिन्याची फी, त्यातून कर्जाचा हप्ता, पगार, किराणा, वीज वजा, आणि उरतो तो आकडा खरंच छान दिसतोय, नुसतं घर भाड्याने देऊन मिळेल त्याच्या कितीतरी पट. त्याचं म्हणणं, ही शेवटी प्रॉपर्टीतली गुंतवणूक आहे, वयस्कर माणसं वाढत चाललीयत, मागणी कमी होणार नाही. मला हे पटतंही आणि कुठेतरी खटकतंही, कारण त्या शीटमध्ये घराच्या खर्चाच्या वीस ओळी आहेत आणि माणसांची एकच, 'स्टाफ ४'.

तर प्रश्न असे की घर घेऊन एखाद्या अनुभवी ऑपरेटरला लीजवर द्यावं का स्वतः चालवावं, आठ बेड बरे की कमी-जास्त, आणि सुरुवातीला हाताशी किती पैसा असावा. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा, घाबरवलंत तरी चालेल.

सांजसावली
मी असं घर चालवते, बरीच वर्षं झाली. 'स्टाफ ४' वाचून लिहायलाच बसले.

हिशेब खोल्यांवरून करू नका, रात्री दोन वाजता घरात कोण जागं असेल तिथून करा. ड्युटीवरची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एका माणसाचे आठवड्याला ४८ तास धरले तर त्या एका जागेला साडेतीन माणसं लागतात, ४० तास धरले तर ४.२, आणि त्यात सुट्ट्या, आजारपण, ट्रेनिंग आलं की चार-पाच. म्हणजे तुमच्या भावाच्या शीटमधले चार जण एक जागा भरतात, फक्त एक. आणि रात्री एक माणूस पुरत नाही हो. पडलेल्या माणसाला एकट्याने उचलायचं नसतं, आणि एका आजींना टॉयलेटला धरून उभं असताना शेजारच्या खोलीतली बेल वाजली तर त्या माणसाने कुणाला सोडायचं? दोन जागा कायम भरलेल्या म्हणजे ३३६ तास, ४८ च्या हिशेबाने सात माणसं, सुट्ट्या धरून आठ-नऊ. सकाळी आंघोळीच्या वेळेला आणखी एक हात लागतो तो वेगळा, स्वयंपाक, साफसफाई, मॅनेजर वेगळे. राहणारे आठ तर पगारावर आठापेक्षा जास्तच, हे आधी पचवा.

बेड किती याचं उत्तर यातच आहे. चार बेडचं घर काढलंत तरी रात्रीच्या जागा दोनच राहतात, खर्च तोच आणि तो वाटून घेणारे निम्मे. म्हणून फार छोटं घर फी खूप जास्त ठेवल्याशिवाय तगत नाही. आणि बारा-पंधराच्या वर गेलात की घरपण पातळ व्हायला लागतं, शिवाय बेडची संख्या वाढली की परवान्याचा वर्ग बदलतो, आगीचे नियम कडक होतात असं बऱ्याच ठिकाणी असतं, ते तुमच्याकडचं आधी बघून घ्या. अमेरिकेत डॉ. बिल थॉमस यांनी ग्रीन हाऊस म्हणून घरं काढली, पहिली २००३ साली मिसिसिपीतल्या ट्युपेलोला. ती नर्सिंग होमच्या पातळीची काळजी देतात, पण तिथेही एका घरात दहाच्या आसपासच माणसं, एक उघडं स्वयंपाकघर, एक लांब टेबल आणि काळजी घेणारी माणसं रोज तीच. आठ ते दहा हा आकडा मला अनुभवानेही बरोबर वाटतो, त्यामुळे तो बदलू नका, बाकीची शीट बदला.

ताळेबंद
सांजसावलीताईंनी माणसांचं सांगितलं, मी पैशाचं बोलतो, या क्षेत्रातल्या काही घरांचे हिशेब बघतो म्हणून.

शीटमध्ये पहिल्या महिन्यापासून आठही खोल्या भरलेल्या दाखवल्या असतील ना? सगळे असंच करतात. प्रत्यक्षात नवीन घराला नाव नसतं, लोक आईला आणून सोडायला घाबरतात आणि ते रास्तच आहे. समजा तुमचा महिन्याचा सगळा खर्च सहा जणांच्या फीएवढा आहे, म्हणजे आठपैकी सहा भरले की ना नफा ना तोटा. महिन्याला एक या गतीने माणसं आली तर पहिल्या महिन्यात पाच फी कमी पडतील, दुसऱ्यात चार, मग तीन, दोन, एक, मिळून पंधरा फी, म्हणजे अडीच महिन्यांचा पूर्ण खर्च. उघडायच्या आधी दोन महिने तरी स्टाफ घेऊन शिकवायला लागतो, परवान्याची तपासणी असते, तेव्हा उत्पन्न शून्य. झाले साडेचार महिने. आणि माणसं दर दोन महिन्यांना एक अशी आली तर तोटा दुप्पट, तेच साडेचारचे सात होतात. हे सगळं एकही जण मध्येच गेला नाही असं धरून, आणि या वयात ते धरता येत नाही, हे कटू वाटलं तरी शीटमध्ये असलंच पाहिजे. आठ खोल्यांत एक रिकामी म्हणजे उत्पन्न सरळ १२.५ टक्क्यांनी खाली.

त्यामुळे घराचं डाऊन पेमेंट आणि दुरुस्ती झाल्यावर किमान नऊ ते बारा महिन्यांचा चालू खर्च बाजूला असल्याशिवाय हात घालू नये असं माझं स्पष्ट मत. पैसा अपुरा असला की काय होतं माहितीये? घराला न झेपणारं माणूस भरती केलं जातं, कारण खोली रिकामी आहे, आणि तिथून सगळं बिघडत जातं.

आणखी एक, राहणाऱ्यांचं डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला चालू खर्चासाठी हात लावायचा नाही. ते तुमचे पैसे नाहीत.

रातपाळी
'न झेपणारं माणूस' यावर मला लिहायचंय. मी केअरगिव्हर म्हणून सुरुवात केली, नंतर नर्सिंग केलं, रात्रपाळ्या भरपूर केल्यात.

आठपैकी तीन जण अंथरुणाला खिळलेले आहेत असं समजा. बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे प्रत्येकाचे चार वेळा, तिघांचे बारा वेळा, प्रत्येक वेळी दोन माणसं आणि डायपर, चादर धरून दहा मिनिटं. रात्रीचे दोन तास दोघांचेही त्यातच गेले. त्याच वेळात डिमेन्शिया असलेले एक आजोबा उठून दाराशी जाणार, एका आजींना चार वेळा टॉयलेटला जायचंय, त्या बेल न वाजवता एकट्याच उठणार कारण त्यांना त्रास द्यायला लाज वाटते, आणि तिथेच पडणं होतं. कंबरेचं हाड मोडलं की मग ते माणूस बऱ्याचदा पुन्हा पूर्वीसारखं चालत नाही. कागदावर दोन जण ड्युटीवर होते, तरी जवळ कोणी नव्हतं.

म्हणून भरती करायच्या आधी घरी जाऊन असेसमेंट करा, आणि विचारून नाही, बघून. डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेली सहा कामांची यादी अजूनही वापरतात: आंघोळ, कपडे, टॉयलेट, बेडवरून खुर्चीत जाणं, लघवी-शौचावर ताबा, आणि खाणं. मुलगा म्हणतो "बाबा सगळं स्वतः करतात", आणि बाबांना खुर्चीतून उठायला सांगितलं की मुलगाच नकळत हात पुढे करतो. तो हात बघायचा असतो. रात्री किती वेळा उठतात, शेवटचं कधी पडले, गेल्या काही महिन्यांत वजन उतरलं का, हे घरच्यांना वेगवेगळं विचारा, उत्तरं वेगळी येतात.

अंगणवाट
सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं भावाला पाठवलं. तो म्हणतोय मग आपण तब्येतीने बरे असलेलेच लोक घेऊ, अंथरुणाला खिळलेले घ्यायचेच नाहीत, म्हणजे स्टाफ कमी लागेल. यात काही चूक आहे का?

सांजसावली
घेताना बरं असलेलं माणूस तसंच राहत नाही ना. ऐंशीच्या पुढचे आजोबा काठी टेकत येतात, दोन वर्षांत वॉकर, मग व्हीलचेअर, आणि तोवर त्यांना टेबलावरची आपली खुर्ची, खिडकीबाहेरचं झाड, रोज दाढी करून देणारा मुलगा हे सगळं सवयीचं झालेलं असतं. तेव्हा त्यांना "आता तुमचं आमच्याकडे जमणार नाही" म्हणायचं का? कुठे थांबायचं हे आधी ठरवून, लिहून, घरच्यांना वाचून दाखवावं लागतं. आमच्याकडे दोन माणसांनी उचलावं लागणारे एका वेळी दोनच, असा नियम आहे. दोन आधीच असतील तर खोली रिकामी ठेवते पण तिसरं घेत नाही, आणि आमच्याकडचंच कुणी त्या अवस्थेला आलं तर त्यांना हलवत नाही, जादा माणूस ठेवते आणि त्या खर्चाची तरतूद फीच्या पातळ्यांमध्ये पहिल्या दिवसापासून असते. नाही म्हणताना वाईट वाटतं, समोर लेकी रडत असतात, पण आत आहेत त्यांच्याशी तोच प्रामाणिकपणा आहे.

हे चालवणाऱ्याचं खरं काम मला तरी हेच वाटतं, कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही. बाकी गोष्टी शिकता येतात.

ओळंबा
घर घेण्याआधी वाचा. मी आर्किटेक्ट आहे आणि लोक माझ्याकडे घर घेऊन झाल्यावर येतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

पहिलं, पायऱ्या. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे जोतं ६० सेंटीमीटर उंच असेल तर ७.२ मीटर लांब रॅम्प, वर आणि खाली सपाट जागा वेगळी. पुढे एवढी जागा नसेल तर ते घर सोडून द्या. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटरच्या आसपास, व्हीलचेअर वळायला १५० सेंटीमीटर व्यासाची जागा खोलीतही आणि बाथरूममध्येही. स्ट्रेचर खोलीतून बाहेर वळतं का हे टेप घेऊन मोजा, अंदाजाने नाही. झोपायच्या खोल्या शक्यतो सगळ्या तळमजल्यावर.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडलं तर दार उघडताच येत नाही. पकडायचे दांडे भिंतीला आतून आधार देऊन बसवायचे, नुसते टाइलमध्ये स्क्रू मारून नाही, आणि टॉवेलचा दांडाही तेवढाच भक्कम बसवा, कारण तोल जाताना हात जवळ असेल तेच धरतो. खोलीतून बाथरूममध्ये जाताना उंबरठा नको, कार्पेटची कड नको. फरशी एकरंगी आणि चमक नसलेली, डिमेन्शिया असलेल्या काहींना काळा गालिचा खड्डा वाटतो, ते त्यावर पाय ठेवत नाहीत. कमोडची सीट मात्र फरशी-भिंतीपेक्षा ठळक वेगळ्या रंगाची.

उजेड! साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि आपण तरुण डोळ्यांनी दिवे निवडतो. बेडपासून टॉयलेटपर्यंत रात्रभर खालच्या बाजूने मंद दिवा, डोळ्यावर न येणारा.

गरम पाणी हा विषय फार कमी लोक काढतात. लिजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून टाकीत पाणी ६० अंशाला ठेवतात, पण तेवढं पाणी अंगावर आलं तर काही सेकंदांत भाजतं, आणि म्हाताऱ्या माणसाला हात मागे घ्यायला वेळ लागतो. त्यामुळे नळाच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा, तो गार पाणी मिसळून नळाला ठरावीक कोमट पाणीच येऊ देतो. खर्च जास्त नाही.

आगीचं मी एवढंच सांगेन की सगळ्या खोल्यांचे स्मोक डिटेक्टर एकमेकांना जोडलेले हवेत, स्प्रिंक्लर परवडत असेल तर नियमात नसला तरी बसवा, आणि मग एकदा मध्यरात्री, फक्त रात्रपाळीच्या दोघांना घेऊन, घर रिकामं करायचा सराव करा, राहणाऱ्यांच्या जागी आपली माणसं झोपवून. आठ जण बाहेर काढायला किती मिनिटं लागतात ते समजलं की स्टाफवर पैसे वाचवायचा विचार आपोआप बंद होतो. वीज गेली तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि हवेच्या गाद्या यांना बॅकअप हवा, हेही विसरू नका.

लेक_थोरली
मी चालवणारी नाही, माझी आई अशा एका घरात राहिली त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते. आम्ही भावंडं तीन ठिकाणी फिरलो. एक ठिकाण दिसायला इतकं सुंदर होतं, झुंबर, कारंजं, पण संध्याकाळी सातनंतर न सांगता गेले तर सगळे आजी-आजोबा टीव्हीसमोर ओळीने बसवलेले आणि एकच मुलगी सगळीकडे धावत होती. आई जिथे राहिली ते घर साधं, रंग उडालेला, पण तिथली मदतनीस बाई आईच्या खोलीत जाताना दार वाजवायची. दार उघडं असलं तरी वाजवायची. आईला ऐकू कमी यायचं तरी वाजवायची. मी तिथेच ठरवलं.

त्यामुळे सुरू करणाऱ्यांना माझी विनंती की पैसा झुंबरावर घालू नका. घरचे लोक काय विचारतात ते सांगू का, इथली माणसं किती दिवसांपासून कामाला आहेत, रात्री कोण असतं, बेल वाजवली की किती वेळात येतात, आईला सकाळी उशिरापर्यंत झोपायचं असेल तर झोपू देता का. आणि बाबा वारल्यावर ती आमच्याकडे का राहिली नाही याचं आम्हाला उत्तर द्यावं लागत नाही असं वातावरण तुमच्याकडे असलं तर फार बरं वाटतं. आम्ही तिथे जाताना आधीच अपराधी वाटत असतं.

रातपाळी
@लेक_थोरली, दार वाजवण्याचं वाचून भरून आलं. हे मुळापासूनच यातलं महत्त्वाचं आहे. केरन ब्राऊन विल्सन यांनी १९८३ साली अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला पार्क प्लेस हे असिस्टेड लिव्हिंग सुरू केलं तेव्हा आग्रह होता तो हाच, की राहणाऱ्याच्या खोलीला दार असावं, त्याला आतून कडी लावता यावी, आणि काय खायचं, कधी उठायचं हे त्याचं त्याने ठरवावं. मदत लागते म्हणून माणसाचा हक्क कमी होत नाही. (बाहेरून किल्लीने उघडता येणारी कडी मात्र हवी, ओळंबांनी वर सांगितलेल्या कारणानेच.)

माणसं टिकवायची असतील तर आमच्या पाठीचा विचार करा. होइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) आणि स्लाइड शीट (बेडवर सरकवायची घसरती चादर) घ्या, आणि नुसते घेऊन कपाटात ठेवू नका, वापरायला शिकवा. एका आठवड्यात रात्र-दिवस-रात्र अशा उलटसुलट पाळ्या लावू नका. पगार शेजारच्यापेक्षा थोडा जास्त द्या, कारण नवीन माणूस घेऊन शिकवण्यात त्याहून जास्त जातं. आणि राहणाऱ्यांपैकी कुणी गेलं की आम्हालाही दुःख होतं, त्या दिवशी खोली लगेच पुसून नवीन पाहुणा दाखवायला आणू नका, एवढं तरी सांभाळा.

औषधांबद्दल: एका माणसाची आठ-दहा औषधं हे नेहमीचं आहे. गोळी दिल्यावर नाही, गिळलेली बघितल्यावर सही करायची. सही करून ठेवलेली गोळी उशीखाली सापडते तेव्हा कळतं. तुमच्याकडच्या नियमात नर्स नसलेल्या केअरगिव्हरने गोळी द्यायची का फक्त आठवण करायची हे बघा, फरक मोठा आहे. भरतीच्या वेळी डॉक्टरांकडून सगळी यादी पुन्हा तपासून घ्या, ज्येष्ठांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची बीअर्स यादी आहे, १९९१ पासूनची, तिच्या नव्या आवृत्त्या येत असतात. झोपेच्या गोळ्यांबद्दल विशेष. आणि कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज एकदम बरळायला लागलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, नवीन औषध, काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर.

भाडेपावती
लीजबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी घर घेऊन ऑपरेटरला दिलंय, व्यवस्थित चाललंय. भाडं नेहमीच्या राहत्या घरापेक्षा जास्त मिळतं, करार लांबचा, घराची काळजी ते घेतात. मला सेवेतलं काही कळत नाही आणि मी त्यात पडत नाही. अंगणवाट, तुम्हाला आवड आहे पण अनुभव नाही, तर हाच मार्ग बरा. सगळ्यांनीच चालवायला हवं असं नाही.

ताळेबंद
@भाडेपावती, मार्ग चांगला आहे, मी विरोधात नाही. पण त्यातही तीन गोष्टी बघायला हव्यात. ऑपरेटरने भाडं थकवलं तर इतर भाडेकरूंसारखं घर रिकामं करून घेता येत नाही, आत आठ वयस्कर माणसं राहतायत, त्यांना जागा मिळेपर्यंत घरमालक म्हणून तुम्हीही नैतिकदृष्ट्या अडकलेले असता, आणि कायद्यानेही नोटिशीच्या वेगळ्या अटी असू शकतात. दुसरं, परवाना कुणाच्या नावावर आहे? ऑपरेटर गेला आणि परवाना त्याच्याबरोबर गेला तर घर नुसतं घर राहतं, रॅम्प आणि मोठ्या बाथरूमांसकट. तिसरं, विमा. साधा घराचा विमा अशा वापराला चालत नाही, व्यावसायिक वापर कळवावा लागतो आणि सेवेतल्या निष्काळजीपणासाठीचा लायबिलिटी विमा ऑपरेटरकडे आहे याचा कागद दरवर्षी मागून घ्यावा.

आणि ऑपरेटर निवडताना त्याचे हिशेब बघण्याआधी त्याच्या चालू घरात दोन-तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा. वर लेक_थोरलींनी लिहिलंय तेच प्रश्न विचारा.

सांजसावली
भाडेपावतींचं चांगलं चाललंय हे वाचून बरं वाटलं. फक्त "त्यात पडत नाही" याला माझा आक्षेप आहे. तुमच्या छताखाली काय चाललंय ते महिन्यातून एकदा तरी जाऊन बघा, तपासायला नाही, गप्पा मारायला. राहणारेच सांगतात.

अंगणवाट, स्वतः चालवणार असाल तर करारनाम्याबद्दल थोडं. फीमध्ये काय येतं आणि काय नाही, काळजीची पातळी वाढली की फी कशी वाढते आणि ते कोण ठरवतं, हॉस्पिटलमध्ये गेल्यास खोली किती दिवस राखता आणि तेव्हा फी किती, निधन झाल्यास कोणत्या तारखेपर्यंत फी आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, घरच्यांपैकी निर्णय कोण घेणार (एकच नाव, आणि त्याला पर्याय एक), शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये न्यायचं की नाही याबद्दल त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा काय. हा शेवटचा विषय लोक टाळतात. मी पहिल्या महिन्यातच बोलून घेते, माणूस स्वतः नीट बोलू शकतंय तोवर, मुलांसमोर. बऱ्याचदा मुलांना ते पहिल्यांदाच कळतं.

शेजाऱ्यांशीही आधीच बोला. अँब्युलन्स येणार, पाळी बदलताना गाड्या येणार, हे त्यांना तुमच्याकडून कळू दे.

अंगणवाट
इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. भावाने स्वतः शीट पुन्हा केली, रात्रपाळीपासून. नफा बराच खाली आला पण शून्य झाला नाही, आणि तो म्हणाला की आता निदान आकडा खरा वाटतोय. ज्या घराचं बोलणं चाललं होतं ते सोडलं, जोतं उंच आहे आणि पुढे रॅम्पला जागाच नाही.

आता असं ठरलंय की घर बघणं थांबवायचं. मी आधी केअरगिव्हरचं ट्रेनिंग घेऊन एखाद्या चालू घरात काम करणार, रात्रपाळीसकट, भाऊ परवाना आणि विम्याचं बघणार. लीज की स्वतः हे त्यानंतर. एकच प्रश्न राहिला, आम्ही दोघं भावंडं, पैसा त्याचा जास्त आणि वेळ माझा जास्त, हे कागदावर कसं आणायचं? आमचं पटतं, पण तरी.

ताळेबंद
पटतं तेव्हाच लिहून ठेवा. घर एका नावावर (किंवा दोघांच्या, पैशाच्या प्रमाणात) आणि चालवायची संस्था वेगळी, संस्थेने घराला बाजारभावाने भाडं द्यायचं. म्हणजे त्याच्या पैशाला भाड्यातून परतावा मिळतो. तुम्ही चालवणार तर तुम्हाला मॅनेजरचा पूर्ण पगार, नफा वाटायच्या आधी, खर्चात धरून. बाहेरचा मॅनेजर ठेवला असता तर जो दिला असता तोच. आणि त्यानंतर उरेल तो नफा ठरलेल्या हिश्शाने.

दोन कलमं नक्की घाला. भरती करायची की नाही यावर शेवटचा शब्द चालवणाऱ्याचा, खोल्या कितीही रिकाम्या असल्या तरी. आणि दोघांपैकी कुणाला बाहेर पडायचं झालं तर किमान सहा महिन्यांची नोटीस, किंमत त्रयस्थाकडून, आणि त्या काळात राखीव पैशाला कुणीही हात लावायचा नाही.

अंगणवाट
पहिलं कलम भावाला आत्ताच वाचून दाखवलं, तो हो म्हणालाय. मसुदा झाला की इथेच टाकते, बघून सांगा.